खो येईपर्यंत

४ सप्टेंबर, जळगाव

"खो भेटाशिवाय उठानं नही."

आमचे खेळाचे शिक्षक जीवराम नाना हे मला धुळ्याच्या शाळेच्या मैदानावर म्हणाले, तेव्हा मी सहावीत होते. माझे दोन्ही गुडघे सोलले होते आणि कारण नसताना नाक वर होतं. खो-खोत पाठीमागून हात लागला पाहिजे, 'खो' असा शब्द कानावर आला पाहिजे, मगच चौकोनातून उठायचं. त्याआधी उठलात की पंचांची शिट्टी वाजते, फाऊल होतो आणि समोरची पळणारी मुलगी जीभ दाखवून निघून जाते.

आज कुलगुरूंच्या खुर्चीत पहिल्यांदा बसले आणि सगळं सोडून हेच वाक्य आठवलं. प्रभारी कुलगुरू. नवीन नेमणूक होईपर्यंत माझ्याकडे कारभार. मी काही मागायला गेले नव्हते. रसायनशास्त्र शिकवत होते, मग विभागप्रमुख झाले, मग प्र-कुलगुरू, आणि आज हे. एकदाही कुणाच्या दारात उभी राहिले नाही. नानांचं ते एक वाक्य मी जन्मभर पाळलं, असं मला अभिमानाने म्हणता येईल.

खुर्ची जरा उंच आहे. पाय नीट टेकत नाहीत. शिपायाला सांगणार होते, पण म्हटलं, दुसऱ्याची खुर्ची, कशाला हात लावा.

घरी आल्यावर निरोपाच्या भाषणाचे मुद्दे काढून ठेवले. नवे कुलगुरू केव्हाही येतील. ऐन वेळी धांदल नको.

८ सप्टेंबर

कुलगुरूंच्या बंगल्यात राहायला आलो. यायचं मनात नव्हतं, पण कागदपत्रं, माणसं, फोन सगळं इथेच येतं. खोकी बाहेरच्या खोलीत तशीच ठेवली आहेत. चार कपडे, दोन पातेली, चहाचं सामान एवढंच काढलं.

फैजपूरहून सासूबाई आल्या. आल्या आल्या घरभर फिरल्या आणि म्हणाल्या, "अवं रत्ना, खिडक्या उघड्या काहून? पडदे कुठीसा हायेत?"

"खोक्यात आहेत, आई. थोड्याच दिवसांसाठी लावून काय करायचं?"

"मंग पाहुना थोड्याच दिवसासाठी येतो, तं त्याले उपाशी ठेवतं का तू?"

माझे यजमान प्रेमराज हसत सुटले. त्यांची केळीची बाग फैजपूरला आहे. आठवड्यातले चार दिवस ते तिकडे असतात आणि तीन दिवस माझी थट्टा करायला इकडे. "कुलगुरूबाई," ते म्हणाले, "आईला विद्यापीठाच्या विद्या परिषदेवर घ्या. बैठका लवकर संपतील."

ऋतिकाचा धुळ्याहून फोन आला. हॉस्टेलच्या मुलींनी तिच्याकडे पार्टी मागितली म्हणे. मी विचारलं, कोणी सांगितलं त्यांना? तर म्हणाली, "मी सांगितलंय की माझी मम्मी विद्यापीठात नोकरीला आहे. एवढंच. कुलगुरू वगैरे काही नाही. पार्टी माझ्या वाढदिवसाची मागतायत."

शहाणी आहे पोरगी. तिसऱ्या वर्षाला आहे, खो-खोत कॉलेजच्या संघात आहे. तिला मी खेळ शिकवला नाही. तिने शिकवू दिला नाही.

१८ सप्टेंबर

आज एक चांगलं काम केलं असं वाटतंय.

क्रीडा संचालक रुपचंद सरांनी बैठकीत बातमी दिली: पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ खो-खो स्पर्धा, मुलींची, डिसेंबरात आपल्या मैदानावर होणार. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. मग ते म्हणाले, ऑक्टोबरच्या शेवटी तिन्ही जिल्ह्यांच्या मुलींमधून निवड चाचणी होईल. कोणाला काही सुचवायचं आहे का?

कोणाला काहीच सुचवायचं नव्हतं. सगळे चहाची वाट पाहत होते. तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. माझी मुलगी ऋतिका धुळ्याच्या कॉलेजकडून खेळते आणि तीही चाचणीला येणार आहे. तिला कसलंही झुकतं माप मिळता कामा नये. निवडीशी माझा काडीचा संबंध राहणार नाही. उद्या कोणी बोट दाखवायला जागा नको."

रुपचंद सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॅडम, तुमची मुलगी खेळते?" ते म्हणाले. "वा! हे माहीतच नव्हतं."

मन हलकं झालं. माणसाने असं उघड्यावर बोलून टाकावं.

१९ सप्टेंबर

ऋतिकाचा फोन. 'हॅलो'सुद्धा नाही.

"मम्मी, तू बैठकीत काय सांगितलंस?"

"तुझ्या भल्याचंच सांगितलं. लोक बोलायच्या आधी..."

"कोण लोक? कोणाला माहीत होतं? अडीच वर्षं मी ह्या मैदानावर फक्त ऋतिका होते. आज सकाळी आमच्या प्राचार्यांनी ग्राउंडवर येऊन मला पाण्याची बाटली दिली. स्वतः! आमच्या संघातली कस्तुरा माझ्याकडे बघून हसली नाही. मी निवडली गेले तर तुझ्यामुळे, आणि नाही गेले तर तेही तुझ्यामुळे. आता माझ्यामुळे काय राहिलं?"

मी काही म्हणायच्या आत तिने फोन ठेवला. तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाचा शर्ट घालायची ही शेवटची संधी, तेवढंच पोरीने शाळेपासून मनात धरलंय. तिला माझं म्हणणं कळेल. वेळ लागेल.

२६ सप्टेंबर

फोन उचलत नाही. आजीशी बोलते, वडिलांशी बोलते.

इकडे रोज कोणी ना कोणी येऊन मला धीर देतं. एक प्राचार्य कामाचं बोलून झाल्यावर दारातून परत फिरले आणि म्हणाले, "मॅडम, त्या चाचणीची काळजी करू नका." मी म्हटलं, मी काळजी करत नाहीये. त्यांनी डोळे मिचकावले. दुसऱ्या एका सदस्याने नेमकं उलटं सांगितलं, "मॅडम, तुमच्या शब्दाला किंमत आहे. तुमच्या मुलीला आम्ही अजिबात घेणार नाही, निश्चिंत राहा."

मला दोघांनाही खुर्ची फेकून मारावीशी वाटली. पण ती जड आहे.

संध्याकाळी मोतीलाल सरांकडे गेले. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. आता ऐंशीच्या पुढे आहेत, अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली आणि विचारलं, "तुझं टायट्रेशन आठवतंय का गं?"

"कोणतं, सर?"

"सगळीच. थेंब थेंब सोडायचं, रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं. तुझा चंचुपात्रातला रंग कायम गडद जांभळा. रंग बदलणार असं दिसलं की तू नळी मोकळी सोडायचीस. मी म्हणायचो, एक थेंब थांब, रत्ना."

सरांची स्मृती आता अशीच भरकटते. मी विद्यापीठाचं विचारते आणि ते प्रयोगशाळेत जातात. वाईट वाटलं. निघताना त्यांनी जास्वंदीचं एक फूल दिलं.

२ ऑक्टोबर

मार्ग सापडला. निवड समितीवर जीवराम नानांना बोलवायचं. रुपचंद सरही लगेच हो म्हणाले.

नानांवर धुळे जिल्ह्यात कोणी शंका घेणार नाही. त्यांनी सख्ख्या मुलाला, निंबाला, जिल्ह्याच्या संघात राखीव बसवलं होतं. निंबाभाऊंचं आता ट्रॅक्टरचं मोठं दुकान आहे, केस पिकलेत, तरी अजून पाहुण्यांसमोर वडिलांना चहा देताना म्हणतात, "घ्या नाना, राखीव खेळाडूच्या हातचा."

नानांना फोन केला. ते म्हणाले, "येसू. पन माले मंचवर बसाडू नका. नि शाल दिधी तं मी ती पंचना अंगवर टाकी दिसू."

म्हटलं, शाल नाही, नाना. नक्की नाही.

मग ऋतिकाला संदेश पाठवला की नाना निवड करणार आहेत, आता तरी खूश ना? तिचं उत्तर आलं: 'मी चाचणीला जाणार नाही.'

१२ ऑक्टोबर

प्रेमराज धुळ्याला जाऊन आले. पांझरेच्या पुलाजवळच्या हॉटेलात बापलेकीने शेवभाजी खाल्ली. इतकी तिखट की दोघंही रडले आणि त्यामुळे खरं रडणं सोपं गेलं, असं ते म्हणाले.

"काय म्हणाली?"

"चाचणीला येईल. एक अट आहे."

"कोणती?"

"त्या दिवशी तू विद्यापीठाच्या आवारात नसशील."

मी कुलगुरू आहे! माझ्याच विद्यापीठात माझ्याच मुलीने मला बंदी घालायची! मी हे बोलले तर सासूबाई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "जाय नं कुठी तरी. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात तुले दिवसभर बसाले जागा नाही भेटत?"

बोदवडच्या कॉलेजला त्याच दिवशी प्रयोगशाळेचं उद्घाटन ठेवायला सांगितलं. ते बिचारे मार्चपर्यंत थांबायला तयार होते.

२७ ऑक्टोबर

बोदवड. उद्घाटन झालं, भाषण झालं, पेढे झाले. प्रयोगशाळेत अजून नळ बसलेले नाहीत. मी गाडी मुद्दाम आणली नव्हती. गाडी असती तर मी अर्ध्या रस्त्यातून जळगावला वळवली असती, एवढं मी मला ओळखते. परतीची पॅसेंजर यायला वेळ होता. स्टेशनवरच्या बाकावर बसून प्रेमराजना फोन लावला.

"अहो, काय चाललंय?"

"हां, हां, केळीच्या घडाचा भाव मी उद्या सांगतो," ते मोठ्यांदा म्हणाले. मग हळूच, "बाजूला रुपचंद सर आहेत. थांब, झाडाआड जातो."

"ऋतू कशी खेळतेय?"

"पळतेय तर अशी की मला माझं तरुणपण आठवलं."

"तुम्ही व्हॉलीबॉल खेळायचात. कधी पळालात?"

"चेंडू आणायला. बरं ऐक, आता ती बसलीय. पाठलागाची बाजू. ती कस्तुरा नावाची मुलगी आहे ना, शिरपूरकडची, डोंगरातली, काय वाकते गं! वाऱ्यासारखी... अरेरे."

"काय झालं? अहो! काय झालं?"

"शिट्टी वाजली."

"कोणाला?"

"काही नाही. चालतं. खेळात होतं."

"ऋतूला वाजली?"

"हां साहेब, घडाचा भाव उद्याच," आणि फोन बंद.

बाकावर शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने मूठभर माझ्यापुढे केल्या. "बाई, कोनी आजारी शे का?" मी म्हटलं, नाही, मुलीची मॅच आहे. ती म्हणाली, "मंग खाय." सगळ्या खाल्ल्या.

२८ ऑक्टोबर

यादी लागली. ऋतिका राखीव.

राखीव! कोणाला लागलं, कोणाचा पाय मुरगळला तरच मैदानात. बाकी सगळा वेळ रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. माझी मुलगी जिल्ह्यात सगळ्यांत वेगवान पळते, हे मी आई म्हणून म्हणत नाहीये. नानांना आता नीट दिसत नसावं.

१ नोव्हेंबर

निवडीशी माझा काडीचा संबंध नाही. मी भर बैठकीत सांगितलंय. तेव्हा मी नानांशी बोलायला जाऊ शकत नाही.

३ नोव्हेंबर

पण त्यांची तब्येत विचारायला जायला काय हरकत आहे?

९ नोव्हेंबर

एरंडोल, पारोळा, धुळे. सगळ्या रस्त्याने मनात वाक्यं जुळवत होते. पारोळ्याला चहा घेताना ती ड्रायव्हरवर आजमावून पाहिली. तो म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे तुमचं." तो प्रत्येकच गोष्टीला हे म्हणतो.

नाना त्याच जुन्या मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. हल्ली कॉलेजच्या मुली तिथेच सरावाला येतात. ऋतिका होती, कस्तुरा होती. ऋतिकाने मला पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी बांधलेलीच होती.

"ये, रत्ना," नाना म्हणाले. "कुलगुरू बनीसन उनी, का पोरनी माय बनीसन?"

"तुमची तब्येत विचारायला आले, नाना."

"तब्येत बेस शे. आते खरं सांग."

मग सगळी वाक्यं एकदम बाहेर आली, जुळवलेल्या क्रमाने नाही. तिचा वेग, तिचं शेवटचं वर्ष, तिची मेहनत, आणि फक्त एका फाऊलवरून एवढी शिक्षा? नाना हनुवटीखाली काठी धरून ऐकत होते.

"एक फाऊल?" ते म्हणाले. "प्रत्येक डावमा! पोर गुनी शे, पयस भी मस्त. पन खो भेटाना आधी उठी जास. तुन्हासारखीच."

"माझ्यासारखी? नाना, मी एकदाच उठले होते. जिल्ह्याच्या सामन्यात."

नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. कस्तुराने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्यांनी काठीने मैदानाकडे बोट दाखवलं. "जाय. बस."

"काय?"

"चौकोनमा बस. देखू आते."

सत्तेचाळीस वर्षांची, सुती साडी, चप्पल बाहेर काढलेली, दारात विद्यापीठाची गाडी उभी. मी पदर खोचला आणि बसले. माती गार होती. दोन्ही हात जमिनीला टेकवले, टाचा उचलल्या, आणि काय सांगू, अंगाला सगळं आठवलं! गुडघ्यांना सोडून. पाठीमागून पावलं येत होती, कस्तुराची. समोरून एक मुलगी पळत आली, माझ्या अगदी हाताशी, आणि वळणार असं दिसलं. मला कळलं ती कुठे जाणार. मला अगदी नक्की कळलं.

मी उठले.

नानांची शिट्टी वाजली. कस्तुरा अजून तीन हात लांब होती.

मैदानावर क्षणभर हसावं की नाही ते कोणाला कळेना. मग ऋतिका ओरडली, "मम्मी, फाऊल!" आणि ती पोट धरून मातीत बसली. मग सगळ्याच. मीसुद्धा. पंधरा मिनिटांत मी तीनदा आणखी उठले. प्रत्येक वेळी मला कळलेलं असायचं ती पळणारी कुठे जाणार, आणि प्रत्येक वेळी ती दुसरीकडे जायची.

साडी झटकत खुर्चीजवळ आले, तेव्हा नानांनी मला जवळ बसवलं. हळू म्हणाले, "शेवटली जागा एकच व्हती. तुन्ही पोर घेतू तं ह्या कस्तुराले घर धाडनं पडतं. ती बसस. जवलोंग खो येत नही, दगडसारखी बसस. तुन्ही पोरले मी काढं नही, रत्ना. बसाडं. बसाले शिकू दे."

मी काही बोलले नाही. हे मला जमलं, याची नोंद इथे करून ठेवते.

१० नोव्हेंबर

परतताना गाडीत एकच विचार येत राहिला. त्या बैठकीत मला कोणी काही विचारलं होतं का?

कोणीच नाही. सगळे चहाची वाट पाहत होते.

मोतीलाल सरांची स्मृती भरकटलेली नाही. उद्या त्यांच्याकडे जाऊन येईन.

१५ नोव्हेंबर

ऋतिका दोन दिवस घरी. मी तिला म्हटलं, "त्या बैठकीत मी बोलायला नको होतं."

"हो," ती म्हणाली. मग ताट पुढे करत, "भाकरी वाढ ना अजून."

वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. सासूबाईंनी ठरवून टाकलंय की डिसेंबरात विद्यापीठाच्या संघाला एक दिवस त्या भरीत घालणार. वांगी प्रेमराजच्या शेतातून येतील. "आनि त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या पोरी?" मी विचारलं. "त्याइलेही घालू," त्या म्हणाल्या. "पोट भरल्यावर हळू पयतीन."

१८ डिसेंबर

स्पर्धा सुरू. पाहुणे, मंडप, पाण्याचे टँकर, एका संघाची गाडी भुसावळला चुकलेली. मंचावर बसावं लागतं. ऋतिका रेषेबाहेर, बाटल्यांपाशी. मी मंचावर, फुलदाणीपाशी. दोघींनाही हलायची परवानगी नाही.

२० डिसेंबर

उपांत्य सामना हरलो. सासूबाईंचं भरीत आमच्याच मुलींनी जास्त खाल्लं, असा प्रेमराजचा निष्कर्ष. उद्या तिसऱ्या क्रमांकासाठी सामना.

२१ डिसेंबर

आता हे नीट लिहिलं पाहिजे.

शेवटचा डाव, पाठलाग आमचा. बरोबरी होती, एक गुण हवा होता, वेळ संपत आली होती. आमच्या एका मुलीचा घोटा मुरगळला. तिला उचलून बाहेर आणलं आणि रुपचंद सरांनी बाकाकडे हात केला. ऋतिका उठली.

मला मंचावरून तिची फक्त पाठ दिसत होती. ती जाऊन खांबाजवळच्या चौकोनात बसली. हात जमिनीला, टाचा वर. समोरच्या संघाची शेवटची धावणारी उंच होती आणि फार हुशार. तिने चाचणीचं कुठून तरी ऐकलं असावं, किंवा नवीन आलेली मुलगी कच्ची असते एवढं ओळखलं असावं. ती ऋतिकाच्याच समोर घुटमळायला लागली. हाताला लागेल इतकी जवळ यायची, खांदा वाकडा करायची, मागे सरायची. एक फाऊल काढला की आमच्या पाठलाग करणारीला उलटं फिरावं लागलं असतं आणि वेळ निघून गेली असती.

माझे स्वतःचे पाय खुर्चीखाली उचलले गेले होते. ती खुर्ची पण उंचच.

ऋतिका उठली नाही.

ती मुलगी परत आली. अगदी नाकासमोर. पळणारी कुठे जाणार ते मला कळलं, म्हणजे ऋतिकालाही कळलं असणार, आम्ही एकाच मातीच्या. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला इतक्या लांबून दिसली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्याजवळ कोणी आलं नाही, कोणी खो दिला नाही, आणि ती बसून राहिली. दगडासारखी. समोरची मुलगी फाऊलची वाट पाहत अर्धा क्षण जास्त थांबली. तेवढ्यात पलीकडच्या चौकोनात खो पडला आणि कस्तुराने उठून, अंग झोकून देऊन तिच्या पाठीला बोटं लावली.

शिट्टी झाली. तो गुण मिळाला नसता तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्यांची मुलगी बाद झाली होती!

सगळ्या मुली कस्तुरावर पडल्या. ऋतिका मात्र अजून चौकोनात बसलेलीच होती. मग तिला आठवलं की सामना संपला. ती उठली, वळली, आणि सरळ मंचाकडे पाहून ओरडली, "मम्मी! मला खो मिळालाच नाही! आणि मी उठलेच नाही!"

राज्यातल्या पाहुण्यांना वाटलं, ती तक्रार करतेय. शेजारचे एक कुलगुरू मला म्हणाले, "काही गैरसमज झालाय का?"

मी म्हटलं, "नाही सर. तिसरा क्रमांक आलाय."

नाना मंचावर नव्हतेच. मैदानाच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली. कोणाकडे पाहून, ते सांगता येणार नाही.

२२ डिसेंबर

आज खोकी उघडली. पडदे लावले. सासूबाईंनी स्टुलाला हात लावून प्रेमराजना वर चढवलं आणि खालून सूचना दिल्या. कार्यालयातही शिपायाला सांगून खुर्ची खाली करून घेतली. एक खिट्टी ओढायची होती, बस. नव्या कुलगुरूंची नेमणूक कधी होणार, कोणाची होणार, मला माहीत नाही. निरोपाच्या भाषणाचे मुद्दे कुठे ठेवले तेही आठवत नाही.

ऋतिका सकाळच्या बसने धुळ्याला गेली. काल रात्री जेवताना वडिलांना सांगत होती की जानेवारीत शिरपूरला कॉलेजांचा सामना आहे आणि ती आता पहिल्या नऊ जणींत आहे. "तिथे बघणाऱ्यांना सावलीच नाही, पप्पा. जो येईल त्याला टोपी लागते." हे तिने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, मी स्वयंपाकघरात होते तेव्हा. प्रेमराज नुसते "हं, हं" करत होते. त्यांना त्या दिवशी बागेत केळीची कापणी आहे, ते काही जाणार नाहीत.

आणि पोरगी इतकी वेंधळी की स्वतःची पांढरी टोपी माझ्या टेबलावर विसरून गेली. माझ्या चष्म्याच्या शेजारी, अगदी समोर. बॅग भरताना दिसली कशी नाही कोण जाणे.

तिला संदेश लिहिलाय. अजून पाठवला नाही. मला माहीत आहे ती नाही म्हणेल. सप्टेंबरात जे झालं त्यानंतर तिने नाही म्हटलेलंच बरोबर. आधी मी पुढे लिहिलं होतं, 'तुला नको असेल तर राहू दे, मला समजतं.' ते वाक्य खोडलं. तिचं उत्तर तिने द्यायचं. मी बसून राहीन.

आता पाठवते:

'ऋतू, तुझी टोपी इथे राहिलीय. शिरपूरच्या सामन्याला मी ती घेऊन येऊ का? मंचावर बसणार नाही. रेषेबाहेर मातीत बसेन, आणि काही बोलणार नाही.'